मुर्गाबीचा शौक, पण बंदुकीविना
गांधीबागेतून कमी खर्चात बदके पाहायला जायचे तर

हिवाळा लागला की गांधीबागेच्या घाऊक कापड बाजारात, गाठी सोडण्याच्या वेळी किंवा दुपारच्या चहाला, एक विषय हमखास निघतो. तलावांवर मुर्गाबी उतरली का? आमच्या वडीलधाऱ्या मंडळींपैकी कित्येकांनी आपल्या बाप-चाच्यांबरोबर भंडाऱ्याकडच्या तलावांवर पहाटेच्या धुक्यात बारा बोअरची बंदूक घेऊन जाणे पाहिले आहे. त्या आठवणी रंगतात आणि मग एखादा तरुण विचारतो की आपणही एकदा माहितगार माणूस घेऊन, खर्च वाटून घेऊन, का जाऊ नये? कधी कधी एखादा दलालही सोबतीला असतो. "गाडी, माणूस, जागा सगळे आमचे, तुम्ही फक्त या," असे त्याचे बोलणे असते.

व्यापाराच्या पानावर या विषयाला जागा देण्याचे कारण हेच की असल्या एका सहलीपायी दुकान, गाडी आणि अब्रू तिन्ही गोष्टी पणाला लागतात. तेव्हा आधी कायद्याचे पाहू, मग हाच शौक स्वस्तात आणि बिनघोर कसा भागवता येईल ते सांगू.

कायदा काय म्हणतो

भारतात रानबदकाची शिकार करता येत नाही. परवाना काढूनही नाही, पैसे भरूनही नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली आला तेव्हा बदकांसारख्या लहान शिकारीला ठराविक मोसमात परवान्यावर मुभा होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती परवान्याची वाटच बंद केली. म्हणजे ज्यांच्या घरी जुना शिकारीचा परवाना कपाटात जपून ठेवला आहे त्यांनी तो आठवण म्हणूनच ठेवावा. बंदुकीचा परवाना हा हत्यार बाळगण्याचा परवाना असतो, पक्षी मारण्याचा नव्हे. छर्‍याच्या बंदुकीला कोण विचारतो, असे म्हणणारेही भेटतात. कायदा बंदुकीची जात पाहत नाही.

"शिकार" या शब्दाचा कायद्यातला अर्थही आपण समजतो त्यापेक्षा बराच मोठा आहे. गोळी घालणे तर आहेच, पण जाळे लावणे, फासे टाकणे, आमिष दाखवणे, हाकून आणणे, अंडी किंवा घरटे मोडणे, आणि यातले काहीही करण्याचा नुसता प्रयत्न, हे सर्व त्यात येते. एकही पक्षी हाती लागला नाही म्हणून माणूस सुटत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या, म्हणजे सर्वात जास्त जपलेल्या जीवाचा मामला असेल तर कमीत कमी तीन व जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि वर निदान पंचवीस हजारांचा दंड. पहाटेच्या अंधारात पाण्यावर कोणता पक्षी कोणत्या अनुसूचीतला, हे ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही.

व्यापाऱ्यांनी नीट वाचावे असे कलम गाडीबद्दलचे आहे. शिकारीसाठी वापरलेले वाहन जप्त होऊन सरकारची मालमत्ता ठरू शकते. ज्याच्या एका टेम्पोवर बाजाराची उचल-आणणी चालते त्याने तो टेम्पो मित्रांना रात्रीपुरता देण्याआधी विचार करावा. चालक म्हणून गेलेल्या पोराचे नावही कागदावर येतेच. तसेच मारून आणलेले बदक गुपचूप विकत घेणाराही मोकळा राहत नाही, कारण असा पक्षी जवळ बाळगणेच गुन्हा आहे. ज्यांना बदकाचे सालन खायचेच आहे त्यांनी पाळीव बदक घ्यावे. खाकी कॅम्पबेलसारख्या जाती पाळणे हा रीतसर धंदा आहे, तिथे कोणी अडवत नाही, आणि ते बदक आपल्या हाताने हलालही करता येते.

परदेशातून आलेले नातेवाईक सांगतात की अमेरिकेत मार्गदर्शक घेऊन बदकांची शिकार करता येते. ते खरे आहे. तिथे १९३४ पासून सोळा वर्षांवरील प्रत्येक बदक-शिकाऱ्याला दरवर्षी सरकारी "डक स्टँप" विकत घ्यावा लागतो आणि त्याचा पैसा पाणथळ जमिनी विकत घेऊन राखण्यात जातो. तो त्यांचा कायदा. आपल्याकडे मार्ग वेगळा निवडला गेला आणि त्याला कारण होते.

राजस्थानात भरतपूरच्या घना पक्षी अभयारण्यात दगडी पाट्यांवर जुन्या शिकारींचे आकडे कोरून ठेवले आहेत. नोव्हेंबर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या पार्टीने तिथे एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. एका दिवसात! एवढे मांस कोणाच्या पोटात गेले असेल, हा हिशेब आमच्यासारख्या गल्ल्यावर बसणाऱ्यालाही जमत नाही. पुढे ती जागा अभयारण्य झाली, तरी संस्थानिकांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत चालूच होता.

एका व्यापाऱ्याची गोष्ट

ती जागा वाचवण्यासाठी जे झटले त्यात डॉ. सालिम अली यांचे नाव पहिले घ्यावे लागते. त्यांच्याबद्दल शाळेच्या पुस्तकात वाचले असेल, पण ते मुळात व्यापारात उतरलेले गृहस्थ होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईच्या सुलेमानी बोहरा घराण्यात त्यांचा जन्म झाला. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाण्यास योग्य की नाही, अशी शंका आली म्हणून पोराने मामू अमीरुद्दीन तय्यबजी यांना विचारले. मामू स्वतः शिकारी, पण त्यांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवले. मिलार्ड यांनी पेट्या उघडून शेकडो पक्ष्यांचे नमुने दाखवले आणि पोराचे डोळे उघडले.

पुढे तरुणपणी ते ब्रह्मदेशात तावॉय येथे घरच्या टंगस्टन खाणीच्या आणि इमारती लाकडाच्या धंद्यावर गेले. धंदा जमला नाही. १९१७ साली परत येऊन त्यांनी मुंबईत दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिशीचे शिक्षण घेतले आणि त्याच काळात सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राकडे वळले. १९४१ साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरचे प्रसिद्ध पुस्तक आले, १९७६ साली पद्मविभूषण मिळाले, २० जून १९८७ रोजी त्यांचा इंतकाल झाला. बंदूक त्यांनी अभ्यासासाठी बरीच वापरली, हेही लपवण्यासारखे नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. १२ तारीख सालिम अलींची. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांची, ज्यांनी वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधच्या तलावाकाठी वर्षे काढली आणि मराठीला पक्ष्यांची कितीतरी नावे मिळवून दिली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. आपल्या विदर्भाच्या तलावांचे नाव या दोन तारखांशी असे जोडलेले आहे.

कधी जावे

आता कामाचे बोलू. बदके ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उतरू लागतात आणि मार्चपर्यंत पांगतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा भर. अडचण अशी की हाच कापड बाजाराचाही भर. लगनसराई चालू असताना गांधीबागेतून कोण हलणार? पण डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचे दिवस धनुर्मासाचे, उत्तरेकडच्या ग्राहकांच्या भाषेत खरमासाचे. त्यात हिंदू घरांतली लग्ने थांबतात, गिऱ्हाईक ओसरते, आणि नेमकी त्याच चार आठवड्यांत तलावांवर बदकांची सर्वात मोठी गर्दी असते. आमच्या मते यापेक्षा चांगला योग नाही.

शिलाईवाल्या कारीगरांचे गणित वेगळे. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत आता फेब्रुवारीत आला आहे आणि पुढे जानेवारीत येईल. ईदच्या कपड्यांचे काम त्याआधी महिनाभर अंगावर असते. त्यांनी शक्यतो डिसेंबरातच जाऊन यावे. रोजावर किंवा नगावर काम करणाऱ्याने त्या दिवसाची बुडालेली मजुरीही खर्चात धरावी. ती कोणी धरत नाही आणि मग सहल "स्वस्तात" झाली असे वाटते. कोणाची सुट्टी जुम्याची, कोणाची रविवारची. जुम्याला जाणाऱ्यांनी जवळची जागा निवडावी म्हणजे नमाजला परतता येईल.

पाण्यावरचे पक्षी पहाटेच चांगले दिसतात. ऊन चढले की ते तलावाच्या मध्यभागी जाऊन झोपतात आणि आपल्याला फक्त ठिपके दिसतात. फजर आटोपून घरून निघालो तर शहरातल्या तलावावर वेळेत पोहोचता येते. लांबच्या तलावासाठी आदल्या रात्रीच जवळ मुक्काम करावा किंवा तीन-साडेतीनला निघून वाटेत नमाज अदा करावी.

कुठे जावे

पहिली फेरी शहरातच करा असा आमचा आग्रह आहे. गांधीबागेजवळच्या अग्रसेन चौकातून मेट्रोत बसले की गाडी न बदलता सुभाष नगर येते आणि तिथून अंबाझरी तलाव जवळ आहे. सेंट्रल अव्हेन्यूवरची ही मेट्रो डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून या सहलीचा खर्च तिकीट आणि चहापुरताच राहिला आहे. फक्त पहिली मेट्रो किती वाजता सुटते ते पाहून ठेवा. अंबाझरी १८७० सालचा तलाव. तिथे बदके कधी जास्त, कधी अगदीच कमी, पण नजर बसवायला जागा चांगली. गोरेवाडा तलाव शहराच्या उत्तरेला आहे, तिथे जंगलाची साथ आहे. आणि एखाद्या दुपारी अजब बंगल्यात, म्हणजे १८६३ च्या मध्यवर्ती संग्रहालयात, पेंढा भरलेले पक्षी जवळून पाहून घ्यावेत. हातभर अंतरावरून चोच आणि पंखाचा रंग पाहिला की तलावावर निम्मे काम सोपे होते.

खरी मौज मात्र भंडारा-गोंदियात. तिथे गावोगाव मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने धान पिकवण्यासाठी हे तलाव बांधले, त्यात मासे धरून धीवर समाज पोट भरतो आणि हिवाळ्यात बदके येतात. नवेगावबांध हा त्यांतला सर्वात नावाजलेला. १९७५ पासून तिथे राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ पासून तो भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. नागपूरहून भंडारा, साकोली या रस्त्याने सव्वाशे ते दीडशे किलोमीटरच्या दरम्यान. साकोलीपर्यंत एस.टी. भरपूर. रेल्वेने गोंदियापर्यंत जाऊन बल्लारशाह मार्गाच्या गाडीने देवलगावला उतरता येते, पण वेळा जुळवताना दिवस जातो. गोंदियाजवळच्या परसवाडा तलावावर पट्टकादंब हंस येतात. हिमालय ओलांडून आलेला पक्षी आपल्या धानाच्या बांधीत चरताना पाहणे हा वेगळाच तजुर्बा. नशीब असेल तर सारसाची जोडीही दिसेल. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः याच पट्ट्यात उरले आहेत, म्हणून त्यांच्या जवळ जाण्याचा मोह टाळावा.

ओळखायला सुरुवात चक्रवाकापासून करावी. विटकरी-नारिंगी रंगाचा हा मोठा पक्षी लांबूनही कळतो. उर्दूत याला सुरखाब म्हणतात. "तुम्हाला काय सुरखाबाचे पंख लागलेत?" असे आपण रोज बोलतो, पण बोलणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी सुरखाब पाहिलेला नसतो. मग लांब टोकदार शेपटीचा तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, आणि चोचीच्या टोकाला पिवळा व बुडाशी लाल ठिपका असलेला हळदी-कुंकू बदक. शिट्टी घालत उडणारी अडई आपल्याकडचीच, बाराही महिने राहणारी.

मार्गदर्शक आणि पैसा

माहितगाराशिवाय गेलात तर तलाव दिसेल, बदके दिसतीलच असे नाही. संरक्षित जंगलात फाटकावर वनखात्याकडून नोंद असलेला मार्गदर्शक मिळतो आणि तोच घ्यावा लागतो. इतर तलावांवर तिथल्या धीवर मंडळींपैकी कोणी सोबत यायला तयार असेल तर त्याच्याइतका जाणकार दुसरा नाही. कोणत्या कोपऱ्यात पाणी उथळ आहे आणि पाखरू कोणत्या बाजूने उतरते, हे तो रोज पाहतो. डोंग्यातून पाण्यात जाण्याचा हट्ट मात्र करू नये. पक्षी उठतात, आणि पोहता न येणाऱ्या शहरी माणसाचा जीवही धोक्यात येतो. मजुरी आधी बोलून घ्यावी, माणशी नव्हे तर टोळीमागे ठरवावी, आणि ठरली ती घासाघीस न करता द्यावी. गांधीबागेतला भावताव गांधीबागेतच शोभतो. कोणी मार्गदर्शक "थोडे पैसे जास्त द्या, एखादे पाखरू मिळवून देतो" म्हणाला तर तिथून निघावे.

शहरातल्या एखाद्या सहल कंपनीमार्फत जाणार असाल तर लेखी विचारा. गाडीचे भाडे, टोल, प्रवेश, मार्गदर्शक आणि जेवण यांतले काय धरले आहे? रद्द केले तर किती परत? आगाऊ रक्कम थोडीच द्या आणि पावती घ्या. दुकानदाराला हे शिकवायला नको, पण सुट्टीच्या आनंदात माणूस पावती मागत नाही, हेही खरे.

खर्चात सर्वात मोठा वाटा गाडीचा. नमुना म्हणून मांडणी पाहा, दर आपापल्या वेळचे घालावेत. समजा दिवसभराच्या गाडीचे ४,८०० रुपये, मार्गदर्शकाचे ६००, प्रवेशाचे माणशी १००, चहा-जेवणाचे माणशी १५०. सहा जण गेले तर एकूण ६,९००, म्हणजे माणशी १,१५०. तेच चौघे गेले तर एकूण ६,४०० आणि माणशी १,६००. दोन माणसे कमी झाली की साडेचारशेचा फरक पडतो. म्हणून आधी टोळी पक्की करावी, मग तारीख. मात्र सहाच्या पुढे जाऊ नये. आठ-दहा जणांचा गलका झाला की पैसे वाचतात आणि बदके उडून जातात.

ही रक्कम एकदम काढणे कारीगराला जड जाते. भिशीची सवय आपल्याकडे आहेच. आठवड्याला शंभर रुपये टाकले तर बारा आठवड्यांत बाराशे होतात. सप्टेंबरच्या मध्याला सुरुवात केली की डिसेंबरच्या मध्याला, म्हणजे बाजार थंडावतो तेव्हाच, पैसा हाती येतो.

जेवण घरचे न्यावे. तलावाकाठी मनासारखे मिळेलच असे नाही आणि आपल्याला हलालची चौकशी करत फिरावे लागते. खिमा-पराठा, उकडलेली अंडी, थर्मासात चहा. उरलेले परत आणावे. दुर्बीण प्रत्येकाने घेण्याची गरज नाही, तिघांत एक पुरते. विकत घेताना तिच्यावरचे आकडे पाहावेत. ८×४२ म्हणजे आठ पट मोठे दिसते आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची आहे. विक्रेते पन्नास पट, शंभर पट असल्या आकड्यांनी भुलवतात, पण हातात धरल्यावर तेवढ्या पटीत चित्र थरथरते आणि काही दिसत नाही. पहिल्या वर्षी उसनी आणावी हे उत्तम. दरवर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्याकडे ती १९८७ पासून चालू आहे आणि हौशी लोकांनाही तीत भाग घेता येतो. जाणकारांच्या सोबत जायला मिळते, दुर्बिणीही त्यांच्याकडे असतात. कमी पैशात शिकायचे असेल त्याने शहरातल्या पक्षीमित्रांकडे डिसेंबरातच नाव नोंदवावे.

बाजाराला काय मिळेल

बदके रंग ओळखतात. पांढरा कुर्ता, लाल स्वेटर, चकाकणारे जॅकेट घालून काठावर गेलात तर बदके तुमच्या आधी उठतील. खाकी, मेहंदी, मातकट रंगाचा साधा सुती कपडा सर्वात चांगला, आणि तो तर गांधीबागेत थानाने पडलेला आहे. जंगल पाहायला जाणारे लोक असले कपडे मॉलमधून चढ्या दराने घेतात. तोच माल आपल्या कापडातून, मोमिनपुऱ्यातल्या किंवा हंसापुरीतल्या शिलाई मशीनवर निम्म्या किमतीत का होऊ नये, असा प्रश्न आम्हाला पडतो. चार-सहा खिशांचे बिनबाह्यांचे जाकीट, रुंद काठाची टोपी, कॅमेऱ्याखाली ठेवायची धान्य भरलेली जाड कापडाची उशी, दुर्बिणीची पिशवी. ताडोबा, पेंच, नागझिरा या सर्वांचे प्रवासी नागपुरातूनच जातात. एखाद्याने डझनभर नग शिवून रिसॉर्टच्या दुकानात ठेवून पाहायला हरकत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सैन्याच्या गणवेशासारखा ठिपक्यांचा कपडा या कामासाठी वापरू नये. त्यावरून जागोजाग विचारपूस होते आणि बदकांना तो साध्या खाकीपेक्षा जास्त फसवतो असेही नाही.

आणि पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर नायलॉन मांजाबद्दल दोन शब्द. संक्रांतीच्या आसपास, म्हणजे बदकांच्या ऐन भरात, हा मांजा तारांवर आणि झाडांवर लटकतो आणि पक्ष्यांबरोबर दुचाकीवाल्यांचेही गळे कापतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने जुलै २०१७ मध्ये देशभर त्यावर बंदी घातली आहे. तरी आतल्या दाराने विकणारे आहेत. चार पैशांच्या नफ्यासाठी ही जोखीम कशाला, हे त्यांनीच सांगावे.

लपून बसण्यासाठी कापडी आडोसा लागतो. चार बांबू, त्याभोवती मातकट रंगाचे जाड कापड, आणि बसल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर हातभर लांब आडवी फट. वरून झाकायला त्याच कापडाचा तुकडा, कारण घिरट्या घालणारे बदक वरून पाहते. कापड ताणून बांधावे, नाहीतर वाऱ्यात फडफडते आणि सगळी मेहनत वाया जाते. शिलाई दुहेरी हवी, कोपऱ्यांना चामड्याची किंवा कॅनव्हासची थिगळे हवीत. हा आडोसा आदल्या संध्याकाळी, वनखात्याची किंवा तलाव ज्यांच्याकडे आहे त्या मासेमार संस्थेची परवानगी घेऊन उभा करावा, म्हणजे रात्रभरात पक्ष्यांना त्याची सवय होते. सकाळी उजाडण्याच्या अर्धा तास आधी आत जाऊन बसावे आणि मोबाइल बंद करावा.